रवानगीचा मुकादम

२००७ साली इराकच्या वायव्य कोपऱ्यात, सीरियाच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या सिंजारजवळ अमेरिकन सैन्याने घातलेल्या एका छाप्यात कागदांचा एक गठ्ठा हाती लागला. त्यात हल्ल्यांचे नकाशे नव्हते, की जगाला उद्देशून लिहिलेले जाहीरनामे नव्हते. होते ते ठरावीक नमुन्यावर भरून घेतलेले अर्ज. आधीच्या वर्षभरात सीरियातून इराकमध्ये शिरलेल्या सुमारे सहाशे परदेशी तरुणांची ती नोंद होती. नाव, टोपणनाव, जन्मतारीख, गाव, घरचा दूरध्वनी, पूर्वीचा व्यवसाय, कोणत्या वाटेने आला, सीरियात कोणी उतरवून घेतले, त्यांनी कसे वागविले, जवळ पैसे किती होते, त्यांतले किती त्यांनी काढून घेतले, पासपोर्ट जमा केला की नाही, असे एकामागून एक रकाने. त्यांतच एक रकाना ‘कामा’चा. त्यात बहुधा दोन शब्दांपैकी एक लिहिलेला असे : लढवय्या किंवा हुतात्मा. ज्यांच्यापुढे हा रकाना भरलेला आढळला त्यांतल्या निम्म्याहून अधिकांपुढे, सुमारे ५६ टक्क्यांपुढे, दुसरा शब्द होता. त्या दफ्तरात ‘हुतात्मा’ ह्या शब्दाला एवढाच अर्थ होता, की ह्या माणसाच्या अंगावर किंवा त्याच्या मोटारीत स्फोटके भरावयाची आहेत.

वेस्ट पॉइंट येथील अमेरिकन लष्करी विद्यालयाच्या अभ्यासकांनी हे कागद २००७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांतली देशवार आकडेवारी तेवढी उचलली. राष्ट्रीयत्व नोंदलेल्यांपैकी ४१ टक्के सौदी अरेबियाचे होते, त्याखालोखाल सुमारे १९ टक्के लिबियाचे. लिबियातील दर्ना नावाच्या एका किनारी गावातून पन्नासच्या वर तरुण आलेले होते. त्याच्या कित्येक पट लोकवस्तीच्या रियाध शहरातून आले जवळजवळ तेवढेच. सरासरी वय चोविसाच्या आसपास. व्यवसाय सांगणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग विद्यार्थ्यांचा. ह्या आकड्यांवरून आपापल्या सोयीचे निष्कर्ष काढणे अवघड नव्हते, आणि ते काढले गेलेही. एका पक्षाने म्हटले, हा निव्वळ धर्मवेडाचा ज्वर आहे. दुसऱ्या पक्षाने, आणि त्यात आपल्या डाव्या वर्तुळातील मित्रही होते, म्हटले की साम्राज्यशाहीविरुद्ध अरब तरुण पेटून उठल्याची ही खूण आहे. दोन्ही पक्ष अर्जदाराकडे पाहत होते. हे अर्जदार सरहद्दीवर आणून सोडणारा जो कोणी होता, त्याच्याकडे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

तो होता बद्रान तुर्की हिशान अल-मझीदीह. संघटनेत त्याला अबू घादिया म्हणत. (ह्याच नावाने त्याच्या आधी वावरलेला, पेशाने दंतवैद्य असलेला एक सीरियन इसम २००५ साली मारला गेला होता, दोघांची गल्लत पुष्कळ ठिकाणी झालेली आहे.) हा अबू घादिया इराकमधील मोसुल शहराचा. १९७७ ते १९७९ च्या दरम्यानचा त्याचा जन्म, म्हणजे अमेरिकेने २००३ च्या मार्चमध्ये इराकवर स्वारी केली तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. इराकमधील अल कायदाचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी ह्याने २००४ साली त्याला सीरियातील रसदीचा प्रमुख नेमले. झरकावी २००६ च्या जूनमध्ये अमेरिकन बाँबहल्ल्यात ठार झाला, त्याच्या जागी इजिप्तचा अबू अय्यूब अल-मसरी आला, पण रसदीचे खाते अबू घादियाकडेच राहिले. राजे बदलले तरी कुलकर्णी बदलू नये, तसे.

त्याचे बिऱ्हाड दमास्कसच्या वायव्येस झबदानी येथे होते. झबदानी हे लेबानॉनच्या सरहद्दीलगतचे थंड हवेचे गाव, सफरचंदांच्या बागांसाठी आणि उन्हाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्या सधन कुटुंबांसाठी प्रसिद्ध. अशा ठिकाणी राहून हा गृहस्थ काय करीत होता? विमानाने दमास्कसला उतरलेल्या तरुणांची राहण्याची सोय लावणे, त्यांना बनावट पासपोर्ट पुरविणे, हातखर्चाला भत्ता देणे, शस्त्रे मिळवून देणे, वाटाड्ये ठरविणे, आणि ठरल्या दिवशी त्यांना पूर्वेकडे सरहद्दीपार करणे. हाताखालची माणसे त्याच्याच घरची होती : भाऊबंद पैशाअडक्याचे आणि वाटांचे काम पाहत. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अर्थखात्याने ह्या चौघा जणांची मालमत्ता गोठविण्याचा हुकूम काढला. त्याच्याविषयी जे काही छापून आले आहे त्याचा मोठा भाग ह्या हुकुमातून आलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. शत्रूच्या दफ्तरात लिहिलेले चरित्र तेवढ्याच सावधपणे वाचावयास हवे. परंतु सिंजारचे कागद अमेरिकेने लिहिलेले नाहीत. ते त्या संघटनेच्या सरहद्दीवरील कारकुनांनी आपल्या सोयीसाठी लिहिले होते, आणि दोन्हींतून दिसणारी यंत्रणा एकच आहे.

ह्या आयुष्यात वीररसाला जागा नाही. त्याने कोणताही सिद्धांतग्रंथ लिहिला नाही, त्याची भाषणे कोणी पाठ केली नाहीत. त्याचे काम माणसे मोजून घेण्याचे आणि मोजून पुढे देण्याचे होते. महाराष्ट्रातील वाचकाला हा माणूस ओळखीचा वाटेल. साखर कारखाना त्याचा नसतो आणि कोयता त्याच्या हातात नसतो, तरीही बीड-नगरच्या तांड्यांतून हंगामाला किती जोड्या निघणार हे ज्याच्या वहीत असते, तो मुकादम. उचल देणे, गाडी ठरविणे, माणसे फडावर पोहोचविणे, पळून जाऊ नयेत म्हणून नजर ठेवणे हे त्याचे काम. फरक एवढा, की ऊसतोड मजूर हंगाम संपल्यावर, कर्जात का होईना, घरी परततो. अबू घादियाच्या वहीतल्या निम्म्या लोकांच्या बाबतीत परत न येणे हीच कामाची अट होती. आणि पैशाचा ओघ येथे उलटा होता. मजुराला उचल मिळते. ह्या पोरांनी, विशेषतः सौदी पोरांनी, पैसे बरोबर आणले होते, आणि सीरियातील दलालांनी त्यांतला वाटा काढून घेतला होता. अर्जावर ‘किती काढून घेतले’ हा प्रश्न छापावा लागला, ह्यातच सगळे आले. इराकमधल्या संघटनेला आपल्याच सीरियन दलालांच्या हातावर लक्ष ठेवावे लागत होते. ज्याला धर्मयुद्ध म्हणून विमानात बसविले गेले, त्याचा प्रवास प्रत्यक्षात तस्करांच्या हातून झाला.

हे तस्कर आकाशातून पडले नव्हते. फुरात नदी सीरियातून इराकमध्ये शिरते तेथे अलीकडे अबू कमाल आणि पलीकडे हुसैबा व काइम अशी गावे आहेत. एकाच टोळीचे, एकाच गोत्राचे लोक दोन्ही बाजूंना राहतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश-फ्रेंच वाटणीची रेघ त्यांच्या मधून गेली. १९९० पासून १३ वर्षे इराकवर जे आर्थिक निर्बंध लादले गेले, त्या काळात मेंढ्या, सिगारेटी, पेट्रोल ह्यांची चोरटी ने-आण हाच त्या पट्ट्यातला जगण्याचा धंदा झाला. वाटा, वाटाडे, लाचेचे दर, रात्रीचे मुक्काम सारे तयार होते. २००३ नंतर त्याच वाटांनी माणसे जाऊ लागली. त्यातच २३ मे २००३ रोजी अमेरिकेचा बगदादमधील प्रशासक पॉल ब्रेमर ह्याने एका फर्मानानिशी इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो हत्यारबंद, प्रशिक्षित आणि आता बेकार झालेल्या पुरुषांना त्याने घरी पाठविले. जगाच्या इतिहासात बेकारी निर्माण करण्याचा एवढा महागडा उद्योग क्वचितच कोणी केला असेल. परदेशी तरुणांना लढण्यासाठी एक युद्ध हवे होते. ते वॉशिंग्टनने पुरविले. अस्तित्वात नसलेल्या अण्वस्त्रांच्या आणि रासायनिक अस्त्रांच्या नावाने हे युद्ध झाले नसते, तर मोसुलच्या ह्या तरुणाचे नाव त्याच्या गल्लीबाहेर कोणास ठाऊक झाले नसते.

परंतु दोष एकट्या वॉशिंग्टनच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. २००३ च्या मार्चमध्ये सीरियाचे मुख्य मुफ्ती अहमद कुफ्तारो ह्यांनी आक्रमकांविरुद्ध प्राण देण्याचे आवाहन केले. जेथे सरकारच्या परवानगीवाचून मशिदीत ब्र काढता येत नव्हता, तेथे मुख्य मुफ्तींचा हा आवाज कोणाच्या संमतीने उठला हे सांगावयास नको. दमास्कसमधून तरुणांच्या बसगाड्या उघडपणे सरहद्दीकडे गेल्या. अलेप्पो शहरात अबू अल-काका ह्या नावाने गाजलेला एक उपदेशक जिहादची भरती करीत होता; तो राजवटीच्या गुप्त पोलिसांचाच माणूस असल्याचा संशय अनेकांना होता, आणि २००७ च्या सप्टेंबरमध्ये तो मशिदीबाहेर गोळ्या घालून मारला गेला. स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्या, धर्मातीत म्हणविणाऱ्या, आपल्या देशातील इस्लामी बंडखोरांची १९८२ साली हमा शहरात कत्तल करणाऱ्या बाथ राजवटीने असे का करावे? हिशेब सरळ होता. अमेरिका इराकच्या दलदलीत रुतून राहिली तर दमास्कसवर चालून येणार नाही. आणि घरातले धर्मवेडे तरुण पूर्वेकडे रवाना झाले तर घर तेवढे हलके होते. सौदी राजघराण्याचा आणि लिबियाच्या गद्दाफीचा हिशेबही मनातून फार वेगळा नसावा. दर्ना आणि सभोवतालचा पूर्व लिबिया गद्दाफीने वर्षानुवर्षे उपेक्षेत ठेवला होता. १९९६ साली त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात सुमारे बाराशे कैदी मारले गेले, त्यांतले पुष्कळसे ह्याच भागातले. ज्या गावाला स्वतःच्या हुकूमशहाशी लढण्याची मुभा नाही, त्या गावाच्या पोरांना दुसऱ्याच्या देशात मरण्याची वाट मोकळी सापडली.

हा मार्ग पहिल्यांदा आखला गेला तो सीरियात नव्हे. जेनिनजवळच्या खेड्यात १९४१ साली जन्मलेला, १९६७ च्या युद्धात परागंदा झालेला अब्दुल्ला अझ्झाम हा पॅलेस्टिनी धर्मपंडित १९८० च्या दशकात पाकिस्तानात आला आणि त्याने १९८४ साली पेशावरमध्ये ‘सेवा कार्यालय’ उघडले. पैसे प्रामुख्याने ओसामा बिन लादेनचे. अरब स्वयंसेवकांना उतरवून घेणे, अतिथिगृहांत ठेवणे, मासिक छापणे, वर्गण्या गोळा करणे असा त्याचा व्याप होता, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातही त्याच्याशी संलग्न कचेरी चालत असे. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या. त्यामुळे वॉशिंग्टन, रियाध आणि झिया-उल-हक ह्यांच्या इस्लामाबादला ह्या उद्योगात वावगे काही दिसले नाही. अझ्झाम निदान विद्वान होता, त्याच्या लेखनात युक्तिवाद तरी होता. २४ नोव्हेंबर १९८९ रोजी तो आपल्या दोन मुलांसह पेशावरमध्ये बाँबस्फोटात मारला गेला. त्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच धंद्यात आलेल्या अबू घादियाला युक्तिवादाची गरजच उरली नव्हती. वाट मळलेली होती.

येथे एक अडचणीचा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो. परक्या देशातल्या लढ्यासाठी स्वयंसेवक गोळा करून चोरवाटांनी पोहोचविणे हे समाजवादी चळवळीने केलेले नाही काय? केले आहे, आणि त्याचा अभिमान बाळगला आहे. १९३६ नंतर फ्रँकोविरुद्धच्या लढाईसाठी पन्नासांवर देशांतून सुमारे ३५ हजार स्वयंसेवक स्पेनमध्ये गेले. पॅरिस हे त्या रवानगीचे ठाणे होते. फ्रान्सने सरहद्द बंद केल्यावर ही माणसे रात्रीच्या अंधारात, वाटाड्यांमागोमाग, पायी पिरेनीज ओलांडीत. बाल्कन देशांतल्या तरुणांची ह्या वाटेवर सोय लावणाऱ्यांत पॅरिसमध्ये बसलेला योसिप ब्रोझ टिटो होता. त्याचेही काम त्या वेळी बनावट पासपोर्ट, प्रवासभाडे आणि मुक्काम ह्यांचेच होते. आपल्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे आरंभीचे सरकार्यवाह होते. लंडनला पत्रकारिता शिकावयास गेले असता ते तेथून ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन स्पेनला गेले, ब्रिटिश पलटणीत लढले, १९३८ साली पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या तुरुंगात राहून सुटून आले. पुढे ते कम्युनिस्ट झाले. संघाच्या शाखेतून निघालेला हा मराठी माणूस फ्रँकोच्या तुरुंगात पोहोचला, ह्याची आठवण ठेवण्याचे कारण संघालाही फारसे नाही आणि आपल्यालाही, दुर्दैवाने, फारसे राहिलेले नाही.

मग टिटो आणि अबू घादिया ह्यांत फरक काय? ‘आमचे ध्येय थोर होते’ हे उत्तर पुरेसे नाही. ध्येय थोर असल्याचे प्रत्येकच मुकादम सांगतो. आणि स्पेनच्या बाबतीतही सोवळे नेसून बोलण्याचे कारण नाही. आल्बासेतेच्या तळाचा प्रमुख आंद्रे मार्ती ह्याच्या संशयखोर क्रौर्याविषयी खुद्द स्वयंसेवकांनीच लिहून ठेवले आहे. तेथेही पासपोर्ट जमा करून घेतले जात, आणि त्यांतले कित्येक मालकांच्या हाती परत पडले नाहीत. १९४० साली मेक्सिकोत ट्रॉट्स्कीचा खून करणारा रामोन मर्कादेर ज्या पासपोर्टावर वावरत होता, तो स्पेनला लढावयास गेलेल्या एका कॅनडावासी स्वयंसेवकाच्या नावे निघालेल्या पासपोर्टात फेरफार करून बनविलेला होता. ज्याने फॅसिझमविरुद्ध आपला जीव देऊ केला त्याच्या नावाचा कागद एका वृद्ध क्रांतिकारकाच्या खुनासाठी वापरला गेला. हे आपल्या घरातले पाप आहे आणि ते झाकून अबू घादियाकडे बोट दाखविता येणार नाही.

तरीही फरक आहे, आणि तो रकान्यांत आहे. स्पेनचे प्रजासत्ताक हे निवडणुकीतून आलेले सरकार होते. त्या सरकारचा पंतप्रधान हुआन नेग्रिन ह्याने २१ सप्टेंबर १९३८ रोजी जिनिव्हाला राष्ट्रसंघात उभे राहून जाहीर केले की परदेशी स्वयंसेवकांना आम्ही परत पाठवीत आहोत. २८ ऑक्टोबरला बार्सेलोनाच्या रस्त्यावर लोकांनी त्यांना निरोप दिला. जर्मन आणि इटालियन स्वयंसेवकांना परतावयाला देशच नव्हता, त्यांतले पुष्कळ फ्रान्समधल्या काटेरी कुंपणांच्या छावण्यांत सडले. पण त्यांना पाठविण्याची आणि परत बोलाविण्याची जबाबदारी घेणारे कोणीतरी होते. १९९६ साली, फ्रँको मरून वीस वर्षे होऊन गेल्यावर, स्पेनने हयात असलेल्या स्वयंसेवकांना नागरिकत्व देऊ केले. सिंजारच्या नोंदवहीतील एखाद्या दर्नाच्या मुलाच्या बापाने त्याच्याविषयी कोणाकडे विचारणा करावयाची होती? घरचा दूरध्वनी क्रमांक मात्र वहीत लिहून घेतलेला होता.

आणि दुसरा फरक, जो मला पहिल्याहून मोठा वाटतो, तो हे स्वयंसेवक कोणावर सोडले जात होते ह्याचा. स्पेनमध्ये गेलेला तरुण समोरच्या सैन्याशी लढला. इराकमध्ये पाठविलेल्या तरुणाची मोटार बहुतेक वेळा अमेरिकन फौजेच्या छावणीपर्यंत पोहोचतच नसे. ती बाजारात, शिया यात्रेकरूंच्या गर्दीत, भरतीच्या रांगेत फुटे. २८ फेब्रुवारी २००५ रोजी बगदादच्या दक्षिणेस हिल्ला येथे पोलीस आणि लष्करातील नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांत असा एक स्फोट झाला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. ब्रेमरच्या फर्मानाने निर्माण केलेल्या बेकारीत ती माणसे पगाराची नोकरी शोधत होती. ह्या रांगेवर सोडलेल्या मोटारीला ‘प्रतिकार’ म्हणणाऱ्यांनी रांगेतल्या माणसांचे वर्गविश्लेषण एकदा करून पाहावे. आक्रमण झालेल्या देशाला लढण्याचा हक्क आहे, ह्यात वादच नाही. परंतु सिंजारच्या वहीत लढणारे इराकी नव्हते आणि मरणारे बहुतांशी इराकीच होते.

२६ ऑक्टोबर २००८ रोजी दुपार कलल्यावर अमेरिकन हेलिकॉप्टर्स सरहद्द ओलांडून सीरियात शिरली आणि अबू कमालजवळच्या सुक्करिया गावी एका बांधकामाच्या जागेवर सैनिक उतरले. अबू घादिया मारला गेला, असे अमेरिकन अधिकाऱ्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर वार्ताहरांना सांगितले. आठ नागरिक मारले गेले, असे सीरियाच्या सरकारने म्हटले, आणि निषेध म्हणून दमास्कसमधील अमेरिकन शाळा व सांस्कृतिक केंद्र बंद केले. एका सार्वभौम देशाच्या हद्दीत न विचारता घुसून केलेली ही हत्या आंतरराष्ट्रीय कायद्याची पायमल्ली होती, ह्याविषयी आपले मत स्पष्ट असले पाहिजे. आणि एवढे करून थांबले काय? २००९ च्या ऑगस्टमध्ये बगदादची सरकारी खाती स्फोटांनी उद्ध्वस्त झाली तेव्हा इराकचे पंतप्रधान नूरी अल-मालिकी ह्यांनी सीरियाकडे बोट दाखविले आणि दोन्ही देशांनी राजदूत परत बोलाविले. तीन वर्षांच्या आत सीरियात उठाव झाला आणि तेच मालिकी असदच्या राजवटीचे पाठिराखे झाले.

उठावाबरोबर वाटेची दिशा फिरली. २००३ साली दमास्कसहून बसने बगदादला गेलेला एक विशीतला सीरियन तरुण इराकमध्ये लढून, अमेरिकनांच्या तुरुंगात राहून, २०११ साली उलट्या दिशेने सीरियात परतला. अबू मुहम्मद अल-जुलानी हे त्याचे संघटनेतले नाव. असदने ज्यांना घराबाहेर हलके होण्यासाठी पाठविले त्यांतलाच हा एक. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद मॉस्कोला पळाला आणि २०२५ च्या जानेवारीत हा तरुण, आता अहमद अल-शरा ह्या खऱ्या नावाने, सीरियाचा अध्यक्ष जाहीर झाला. त्याच्या डोक्यावर अमेरिकेने लावलेले एक कोटी डॉलरांचे इनाम काढून घेण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी त्याचे स्वागत झाले. हे बरे झाले की वाईट, ते सीरियन जनता ठरवील. परंतु दहशतवादी कोण ह्याची सरकारी यादी किती टिकाऊ असते, हे अर्थखात्याचे हुकूम वेदवाक्य म्हणून उद्धृत करणाऱ्यांनी पाहून ठेवावे.

मधल्या काळात नोंदवही अधिक पद्धतशीर झाली होती. २०१६ साली ‘इस्लामी राज्या’च्या सरहद्द खात्याचे हजारो अर्ज जर्मन वृत्तमाध्यमांच्या हाती आले. त्यांत तेवीस प्रश्न होते. रक्तगट, शिफारस करणारा, कोणत्या नाक्याने आला, आज्ञाधारकपणा किती. मृत्यूची तारीख आणि ठिकाण ह्यांसाठी आधीच जागा सोडलेली होती. त्या वाटेवर २०१४ च्या मे महिन्यात आपल्या कल्याणमधून चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर निघून गेले. त्यांतला एक नोव्हेंबरात परतला आणि पुढे वर्षानुवर्षे खटल्याचा निकाल न लागता कोठडीत राहिला. अशा पोरांवर लेख लिहिणाऱ्यांनी त्यांच्या धर्माची चर्चा भरपूर केली. त्यांना उतरवून घेणाऱ्या, पुढे पाठविणाऱ्या आणि त्यांच्या जाण्यावर पैसे मिळविणाऱ्या मध्यस्थांविषयी मात्र फारच थोडे छापले गेले.

ज्या सिंजारच्या परिसरात ही पहिली वही भरली गेली, तो यझिदी लोकांचा मुलूख आहे. अत्यंत दरिद्री, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा समाज. १४ ऑगस्ट २००७ रोजी, म्हणजे ती वही लिहिली जात असतानाच, त्याच जिल्ह्यातल्या दोन यझिदी वस्त्यांत स्फोटकांनी भरलेले मालमोटारींचे स्फोट झाले आणि मातीची घरे शेकडो माणसांवर कोसळली. सात वर्षांनी, २०१४ च्या ऑगस्टमध्ये, ‘इस्लामी राज्या’चे लोक आले. कोचो नावाच्या गावात पुरुषांना शाळेत जमविले, गावाबाहेर नेऊन मारले आणि बायका-मुलींची विक्री केली. २०१९ च्या मार्चमध्ये इराकी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या पथकाच्या मदतीने कोचोची सामुदायिक थडगी उकरण्यास प्रारंभ केला. सापडलेल्या हाडांची ओळख पटविण्यासाठी वाचलेल्या नातलगांचे रक्त घेण्यात आले, आणि मृतांची नावे एकेक करून लिहून घेण्याचे काम सुरू झाले. कित्येक कुटुंबांत रक्त देण्यासाठी कोणी उरलेलेच नव्हते.